स्ट्रॉबेरीच्या बांधावर राहिलेल्या चपला

१ जानेवारी, बुधवार

खताच्या दुकानदाराने दरवर्षीप्रमाणे डायरी दिली. आजवरच्या सगळ्या डायऱ्यांत बायकोने, रतनने, रांगोळीचे ठिपके काढले. यंदाची सुट्टीला आलेल्या लेकीने, प्राचीने, माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "तात्या, तंबाखूची तलफ आली की हितं चार ओळी लिहायच्या. तोंड रिकामं राहिलं तरी हाताला काम."

दाताच्या डॉक्टरने गालाच्या आतला पांढरा चट्टा बघितला आणि तंबाखू बंद केली. भिण्यासारखं अजून काही नाही म्हणाला, पण थांबला नाहीत तर मग माझ्याकडे येऊ नका, असंही म्हणाला. निमगाव केतकीत आमचा पानमळा आजोबांपासूनचा. गावोगावची माणसं माझ्या मळ्यातलं पान खातात आणि मी बसलोय लिहीत. नुसतं पान खायला हरकत नाही म्हणे. नुसतं पान शेळीसुद्धा खाते, त्यात माणसाने काय खायचं?

चार ओळी झाल्या. तलफ गेली नाही.

५ जानेवारी, रविवार

प्राची आली आहे. बारामतीला रोपवाटिकेत नोकरीला आहे ती. शनिवारी संध्याकाळी येते, सोमवारी पहिल्या एसटीने जाते. येताना पुन्हा स्ट्रॉबेरीचा खोका आणला. थंडी सुरू झाल्यापासून दर खेपेला आणते. कुठून आणतेस विचारलं तर म्हणाली, महाबळेश्वरकडचे शेतकरी रोपवाटिकेत येतात, ते देतात.

भले शेतकरी दिसतात. आमच्याकडे कोणी आलं तर मीही पानं बांधून देतो, पण दर आठवड्याला नाही देत.

फळ दिसायला देखणं, चवीला आंबट. रतन मात्र डोळे मिटून खाते आणि प्राचीकडे बघून हसते. आंबट खाऊन हसू कसं येतं देव जाणे.

१२ जानेवारी, रविवार

बारामतीचे विजयसिंहराव येऊन गेले. सोबत त्यांचा मुलगा युवराज. प्राचीला बघायला आले होते. मुलगा उंच, शांत, नाव ठेवायला जागा नाही. घरचा ऊस आहे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. आणि मुख्य म्हणजे बारामती. सकाळी मनात आलं तर एसटीने जावं, पोरीचं तोंड बघावं आणि दुपारच्या पाण्याच्या पाळीला परत मळ्यात. एकच लेक आहे मला. ती लांब गेली तर मी काय करू, हे मी कधी कोणाजवळ बोललो नाही. इथे लिहितो, कारण इथे कोणी बघत नाही.

विजयसिंहरावांना मळा दाखवला. पानमळ्यात आम्ही पायात काही घालून जात नाही. तोंडाशी चपला काढायच्या आणि मग आत. बुटाच्या मातीतून बाहेरचा रोग आत येतो, असं प्राचीने एकदा समजावून सांगितलं होतं. तिने नसतं सांगितलं तरी मी काढल्याच असत्या. वडील काढायचे, त्यांचे वडील काढायचे. विजयसिंहराव फोनवर बोलत बोलत बुटांसकट आत शिरले आणि वेलाला आधार दिलेल्या शेवरीच्या झाडाला टेकून उभे राहिले. पाहुणा माणूस, काय बोलणार. युवराज बाहेरच थांबला. त्याला रेंज पाहिजे होती.

जाताना म्हणाले, "मोहनराव, नऊ फेब्रुवारीच्या रविवारपर्यंत कळवा. मग लगेच सुपारी फोडून टाकू."

प्राचीला विचारलं. "तुमी म्हणाल तसं, तात्या," म्हणाली आणि भांडी घासायला बसली. भांडी रतनने आधीच घासून ठेवली होती. पोर लाजली असेल.

१९ जानेवारी, रविवार

रतनने एक नवीनच काढलं आहे. महाबळेश्वरला जायचं. "लग्न झाल्यावर पोरगी आपल्यासंगं कवा येणार? तितं डोंगरात तळं हाय म्हनं. नावंत बसायचंय मला."

मी म्हणालो, पाणीच बघायचं तर उजनीचं काय वाईट आहे? भिगवणला जाऊ, वर पक्षीही फुकट दिसतील. तर म्हणते, "मला डोंगरातलंच बघायचं हाय." कन्हेरीची माणसं एकदा बोलली की बोलली. सासरा माझा असाच होता.

खरं सांगायचं तर लग्नापासून आम्ही दोघं एका दिवशी गाव सोडून कुठे गेलो नाही. मळा एकटा ठेवता येत नाही. एक लग्नाला गेला की दुसरा मळ्यात. शेजारचा कुंडलिक म्हणाला, "जावा की मोहनराव, मी बघतो एक दीस. गाडी बी माझीच न्या." कुंडलिक एवढा उदार कधीपासून झाला?

प्राची गाडी चालवणार आहे. बारामतीला शिकली म्हणे.

२८ जानेवारी, मंगळवार

कुंडलिकने तळहातावर तंबाखू मळली, चुना लावला, थोपटली. वास आला. हात पुढे गेला होता. मागे घेतला. आज एवढंच लिहितो.

१ फेब्रुवारी, शनिवार

उद्या जायचं. रतनने सांगितलं, "चांगली कळीची पानं काढून आणा. दोन जुड्या." कळीचं पान म्हणजे मळ्यातलं सगळ्यात कोवळं, निवडक. कशाला विचारलं तर म्हणाली देवाला. तिने नारळही घेतला आहे, खणही घेतला आहे, आणि ठेवणीतली जांभळी साडी काढून ठेवली आहे. नावेत बसायला एवढा थाट.

प्राची जेवली नाही. पोट बरं नाही म्हणाली. घाटात गाडी चालवायची, म्हणून घाबरली असेल. मीसुद्धा त्याचीच काळजी करतोय.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचं जरा सविस्तर लिहितो.

पहाटे निघालो. बारामती, फलटण, लोणंद करत वाईला चहा घेतला. तिथून पसरणीचा घाट. मी पुढे बसलो होतो. प्रत्येक वळणाला माझा पाय आपोआप ब्रेक दाबत होता, माझ्या बाजूला ब्रेक नव्हता तरी. प्राची मात्र सराईतासारखी चालवत होती. कुठे रस्ता विचारला नाही. एका ठिकाणी म्हणाली, "आता ह्या झाडांपलीकडं तळं दिसंल बघा," आणि खरंच दिसलं. फोनमध्ये बघून ठेवलंस का विचारलं तर व्हय म्हणाली. पोरगी हुशार आहे. फोन सगळा वेळ रतनच्या पिशवीत होता.

तळं सुरेख आहे. चारी बाजूंनी झाडं, वर डोंगर, पाण्यावरून धुकं उठत होतं. आमच्याकडे पाणी म्हणजे कॅनॉल, विहीर, नाहीतर लांबवर पसरलेलं उजनीचं. हे ओंजळीत धरल्यासारखं दिसतं. मी गाडी थांबव म्हणालो, पण प्राचीने तळ्याच्या अलीकडेच एका कच्च्या रस्त्याला गाडी घातली. म्हणाली, "तात्या, आधी स्ट्रॉबेरीचं शेत बघू. तुमाला आवडंल."

शेताच्या तोंडाशी एक पोरगा उभा होता. अंगाने काटक, उन्हाने रापलेला. पुढे येऊन पाया पडला. "या तात्या, मी विशाल." इकडे वयस्कर माणसाला तात्याच म्हणायची पद्धत दिसते. वळण चांगलं आहे.

उतारावर लांबच लांब गादीवाफे, त्यावर काळा कागद अंथरलेला, कागदाच्या भोकातून रोपं, आणि पानांखाली लाल फळं. मी बांधावर चपला काढल्या आणि आत गेलो. काढतोय हे माझ्या लक्षातही आलं नाही. दव बर्फासारखं लागलं तेव्हा समजलं. आजूबाजूला पुण्या-मुंबईकडची माणसं बुटांसकट फळं तोडत होती, फोटो काढत होती. माझ्याकडे बघून एक बाई हसली. मला शरम वाटली नाही. शेतात असंच जातात.

विशालही अनवाणीच होता. चिखल नको म्हणून असेल.

त्याच्याशी बरं बोलणं झालं. पाणी कसं देतो, कागद कधी अंथरतो, सगळं नीट सांगितलं. मग त्यानेच विचारलं, "तात्या, यंदा उतरण कवा करनार?" उतरण म्हणजे उंच गेलेला पानवेल खाली उतरवून मातीत पुरायचा, म्हणजे तो नव्याने फुटतो. डोंगरातल्या माणसाला हे कुठून माहीत? मी विचारलं तर म्हणाला, ऐकून हाय. चौकस आहे. युवराजने माझ्याकडे पानाबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं, आता आठवलं.

विशालची आजी, शकुबाई, झाडाखाली पोत्यावर बसून फळं निवडत होती. रतन तिच्याजवळ जाऊन बसली. जणू माहेरची बाई भेटली. म्हातारीने माझ्या पायांकडे बघितलं आणि हसली.

"पाव्हणं, तुमी बी चपला काढल्या व्हय? तुमची पोरगी पैल्यांदा आली तवा तिनं बी अशाच काढल्या हुत्या. थंडीनं पाय लाल झालं तरी घालंना. तवापासनं आमचा इशाल बी अनवाणीच हिंडतो शेतात."

प्राची फळं तोडत होती, तिचा हात थांबला. विशालने मान खाली घातली.

मी म्हणालो, "आजी, माझी पोरगी आजच पहिल्यांदा आली." म्हातारी म्हणाली, "असंल बाबा. मला काय दिसतंय धड." इतकी माणसं रोज येतात, गफलत व्हायचीच.

मला एकदम थांबवेना तिथे. सरळ गाडीकडे चालत आलो. ऊन लागलं असेल. ऊन तसं नव्हतं. मागून प्राची आणि रतन आल्या, गाडी निघाली, आणि तळ्याकाठी उतरलो तेव्हा लक्षात आलं की चपला बांधावरच राहिल्या. प्राची म्हणाली, परत जाऊन आणू. मी म्हणालो, नको. जरा जोरात म्हणालो.

अनवाणीच नावेत बसलो. नाव मधोमध गेल्यावर वल्हवणाऱ्याने वल्ही थांबवली. इतकं शांत होतं की रतनच्या बांगड्या ऐकू येत होत्या. तिने पाण्यात हात घातला आणि लहान पोरीसारखी हसली. इतक्या वर्षांत मी तिला कुठेही नेलं नाही, ते मला तेव्हा लागलं. तसं म्हणालोही. तर म्हणते, "मळ्यानं धरून ठिवलं तुमाला. मला ठावं हाय. पर समद्यांनाच धरून ठिवू नका." याचा अर्थ मी विचारला नाही. प्राची दुसऱ्या टोकाला पाठमोरी बसली होती.

मग बाजारात गेलो. फुटाणे, मध, जॅम, चपला, काठ्या, दोन्ही बाजूला दुकानंच दुकानं. नवीन चपला घेतल्या. दुकानदार म्हणाला, दोन दिवसांत पायाला बसतील. रतनने मक्याचं कणीस खाल्लं. प्राचीने काही खाल्लं नाही.

घरी आल्यावर बघितलं, पानांच्या जुड्या, नारळ, खण, पिशवीत काही नाही. रतन म्हणाली, देवाला दिलं. आम्ही देवळात गेलो नव्हतो.

नवीन चपला चावतायत.

३ फेब्रुवारी, सोमवार

प्राची पहिल्या एसटीने गेली. मी उठलेलो होतो पण बाहेर आलो नाही.

मळ्याच्या तोंडाशी नवीन चपला काढायला वाकलो आणि तसाच थांबलो. म्हातारीची गफलत झाली असेल असं मी काल लिहिलं. पण स्ट्रॉबेरीच्या शेतात चपला काढून कोण जातं? मी एवढी माणसं बघितली, विशाल सोडला तर एकाने काढल्या नव्हत्या. तिथली माणसंही काढत नसणार. त्या शेतात चपला काढणारी पोरगी पानमळ्यात वाढलेलीच असणार.

तिथेच बांधावर बसलो. कुंडलिक पलीकडून म्हणाला, "काय मोहनराव, कसं वाटलं पाव्हणं?" म्हणजे कुंडलिकलाही माहीत आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रतनशी भांडलो. माझं घर, माझी पोरगी, आणि मला सोडून सगळ्या गावाला ठाऊक. मला नावेत बसवून आणलं गाढवासारखं.

रतनने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पोरगी 'तुमी म्हणाल तसं' म्हनली आन् तुमी तितंच थांबलात. म्होरं काय इचारलंत? ती वर्षभर वाट बघतीया, तुमी इचाराल म्हनून."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"तिनं शपथ घातली हुती. म्हनली, तात्यांना आधी मानूस बघू दे. नाव सांगितलं की ते गावच बघतील, किती लांब हाय त्ये."

मी जेवलो नाही. तंबाखूची फार आठवण झाली. लिहूनही जात नाही आज.

६ फेब्रुवारी, गुरुवार

रविवार जवळ आला. दोन दिवस विचार करतोय. विशालला नाव ठेवायला जागा शोधतोय, सापडत नाही. शेत स्वच्छ, बोलणं सरळ, आजीजवळ राहतो. म्हणजे अडचण एकच आहे आणि ती माझी आहे. तिथून सकाळी मनात आलं म्हणून कोणी बापाकडे येऊ शकत नाही. पावसाळ्यात तर घाटच. सणाला येईल, तेही धावतपळत. मला हे आवडत नाही. मला रडू येतं आहे, हेही खरं.

संध्याकाळी प्राचीला फोन केला. "बारामतीला होकार कळवू?"

"तुमी म्हणाल तसं, तात्या."

ह्या वेळी मी आवाज ऐकला. विहिरीच्या तळातून आल्यासारखा होता. मागे भांडी घासताना असाच आला असणार, मी ऐकला नव्हता. म्हणालो, "मी काय म्हणतो ते ऱ्हाऊ दे. तू काय म्हणतीस?"

ती रडायलाच लागली. "लय लांब हाय ओ तात्या. तुमाला करमायचं न्हाय. म्हणून बोलले न्हाय मी."

मी हे कधी कोणाजवळ बोललो नव्हतो. तिला कसं कळलं?

८ फेब्रुवारी, शनिवार

दुपारी मळ्यात वेल बांधत होतो. फाटकाबाहेर मोटारसायकल थांबली. विशाल होता. एवढ्या लांबून, अंगभर धूळ. हातात वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं.

मी हाक मारली नाही. मुद्दाम. बघू म्हटलं काय करतो.

मळ्याच्या तोंडाशी आला, पुडकं बाजूला ठेवलं, खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या. मोजे काढून बुटांत खोचले. बूट बांधाला लावून ठेवले. मग पुडकं उचलून आत आला. वेलांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून.

"तात्या, तुमच्या चपला."

माझ्याच होत्या. माती पुसून, चामड्याला तेल लावून आणल्या होत्या. तुटायला आलेला अंगठाही शिवून घेतला होता.

मी म्हणालो, "लय लांब हाय तुझं गाव."

"व्हय," तो म्हणाला. "लांब हाय." कमी करून सांगितलं नाही. जवळच आहे की, हा काय रस्ता आता झाला, असं काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमचा पाऊस लय असतोय. चार म्हैने शेतात काम नसतंय मला. तवा प्राचीला घेऊन मी हितं येत जाईन. तुमी ठिवून घेतलं तर."

मी वेल बांधत राहिलो. लव्हाळ्याची गाठ दोनदा सुटली. मग त्याला म्हणालो, "तोंड काय बघतोस, ती पलीकडची फांदी धर."

त्याने धरली. दिवस मावळेपर्यंत दोघांनी मिळून एक पूर्ण ओळ बांधली. रतनने घरी पुरण शिजत घातलं होतं. तिला कोणी सांगितलं, मी विचारत नाही. आता मला काहीच विचारायचं नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी विजयसिंहरावांना फोन केला. पोरीच्या मनात दुसरं आहे, मला उशिरा कळलं, राग मानू नका म्हणालो. चांगला माणूस, जास्त काही बोलले नाहीत. "ठीक हाय मोहनराव, पोरांच्या मनाचं आपन काय करनार," म्हणाले. एवढं सोपं होतं ते.

दुपारी प्राचीला घेऊन मळ्यात गेलो. जुन्या चपला घातल्या होत्या, तोंडाशी काढल्या. तिनेही काढल्या. तिला म्हणालो, सुपारी कधीही फोडा, पानं ह्या मळ्यातलीच जातील. मी स्वतः घेऊन येईन, घाटात डोळे मिटून बसेन.

मग दोन पानं तोडली, चुना, कात, सुपारी घालून दोन विडे केले, एक तिला दिला, एक मी खाल्ला. तंबाखूशिवाय. शेळीबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो. पानाला चव होती, मीच बरीच वर्षं घेतली नव्हती.

प्राची पानांकडे बघत उभी होती. म्हणाली, "तात्या, तितं गेल्यावर बी मी शेतात चपला काढूनच जाणार."

मी म्हणालो, "मोजे घालत जा. तितलं दव लय गार असतंय."

मला अजून पुष्कळ बोलायचं होतं. तोंडात विडा होता हे बरं झालं.